प्रथिन स्फटिकविज्ञान, औषधशोधातील

प्रथिनाच्या स्फटिकातून होणारे क्ष-किरणांचे विवर्तन मोजून त्या प्रथिनातील अणूंची त्रिमितीय मांडणी ठरविणाऱ्या शास्त्रशाखेस प्रथिन स्फटिकविज्ञान म्हणतात. बहुतेक औषधे शरीरातील वा रोगजंतूतील एखाद्या प्रथिनाशी बद्ध होऊन परिणाम घडवितात. ती कोठे व कशी बद्ध होतात हे या शास्त्राने प्रत्यक्ष दिसू शकते.

जे. डी. बर्नाल व डोरोथी क्रोफूट (पुढे हॉजकिन) यांनी १९३४ मध्ये पेप्सिनाचा स्फटिक त्याच्या मूळ द्रवात ओला ठेवून पहिले स्पष्ट विवर्तनचित्र मिळविले. सुकलेल्या स्फटिकापासून ते मिळत नव्हते. मायोग्लोबिन या प्रथिनाची संरचना १९५८ मध्ये उलगडली.

या कामातील खरी अडचण स्फटिक मिळविण्याची असते. शुद्ध प्रथिनाच्या द्रावाचा एक सूक्ष्म थेंब लवण वा तत्सम पदार्थाच्या द्रावावर बंद जागेत टांगतात. थेंबातील पाणी सावकाश उडून जाते व स्फटिक तयार होतात, किंवा होत नाहीत. शेकडो मिश्रणे करूनही केवळ गढूळपणाच हाती येणे नित्याचे आहे. मिळालेला स्फटिक मिलिमीटरच्या काही दशांशांएवढा असतो व त्याचा सुमारे निम्मा भाग पाण्याचा असतो. क्ष-किरणांनी तो बिघडू नये म्हणून –१७३° से.च्या आसपास थंड ठेवतात. मापनांतून अणू थेट दिसत नाहीत. मिळतो तो इलेक्ट्रॉन-घनतेचा नकाशा. सुमारे २ अँगस्ट्रॉम विभेदनाला हायड्रोजन बहुधा दिसत नाही आणि नायट्रोजन व ऑक्सिजन यांतील फरक ओळखणे अवघड असते. अशा वेळी पुसट घनतेत हवा तो औषधरेणू ‘पाहण्याचा’ मोह संशोधकाने टाळावा लागतो, कारण पुढील रसायनज्ञाचे महिनोन्‌महिन्यांचे काम त्या चित्रावर उभे राहते.

महाराष्ट्रात या विषयाचे महत्त्वाचे काम ठाणे खाडीच्या काठावरील ट्राँबेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात झाले. तेथील के. के. कन्नन यांनी त्यापूर्वी स्वीडनमधील अप्साला येथे कार्बॉनिक अनहायड्रेज या एंझाइमाच्या संरचनेवर काम केले होते (१९७२, १९७५). हे एंझाइम कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी यांपासून बायकार्बोनेट बनविते. त्याच्या क्रियास्थानी जस्ताचा अणू असतो. डोळ्यात द्रव स्रवण्यासही ते कारणीभूत असल्याने त्याला रोखले की काचबिंदूत वाढणारा दाब उतरतो. यासाठीच्या ॲसिटाझोलामाइडाच्या गोळ्यांनी सर्व शरीरातील एंझाइम अडते आणि हातापायांना मुंग्या येणे यांसारखे त्रास होतात. एंझाइमाची संरचना हाती असल्याने डोळ्यात थेंब म्हणून घालता येईल असा रेणू रचणे शक्य झाले. डॉर्झोलामाइड हे ते औषध १९९५ च्या सुमारास बाजारात आले. संरचनेवरून रचलेल्या पहिल्या औषधांत त्याची गणना होते. सल्फोनामाइड गटातील तीन औषधे या एंझाइमाशी कशी बद्ध होतात याच्या संरचना ट्राँबेहून १९९४ मध्ये प्रसिद्ध झाल्या.

पुढे एम. व्ही. होसूर व सहकाऱ्यांनी एड्सच्या विषाणूच्या प्रोटिएजाकडे लक्ष वळविले. प्रत्येकी ९९ ॲमिनो अम्लांच्या दोन सारख्या साखळ्यांचे हे एंझाइम विषाणूचे लांब प्रथिन योग्य जागी तोडते. ते बंद पाडणारी औषधे १९९५ पासून उपलब्ध आहेत. परंतु विषाणू आपल्या प्रोटिएजात बदल करतो व औषध निष्प्रभ होऊ लागते. म्हणून एंझाइम नेमके काम कसे करते हे जाणणे निकडीचे ठरते. दोन साखळ्या दुव्याने जोडून केलेल्या प्रोटिएजाच्या स्फटिकात, औषध नसतानाही, क्रियास्थानावरील झडपा मिटलेल्या असल्याचे २००१ मध्ये दिसून आले. या गुणाचा उपयोग करून २००५ मध्ये त्यांनी पेप्टाइड तुटत असतानाची मधली अवस्था २.०३ अँगस्ट्रॉम विभेदनाने टिपली. एरवी ही अवस्था पाहण्याइतकी टिकत नाही.

अशा मापनांना सिंक्रोट्रॉनाचे तीव्र क्ष-किरण लागतात व त्यासाठी भारतीय संशोधकांना गोठविलेले स्फटिक घेऊन परदेशी जावे लागे. इंदूर येथील इंडस-२ या २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या यंत्रावर भाभा केंद्राने प्रथिन स्फटिकांसाठी किरणशलाका उभारली. तिचे वर्णन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.