एमपी३ने गाळलेलं गाणं

आज एक साधा प्रश्न. गाण्याची एमपी३ केली की फाइल लहान होते. मग त्यातून गळतं तरी काय?

मोठ्या आवाजाच्या आड, त्याच्या जवळच्या पट्टीतला बारीक आवाज आपल्या कानाला कळत नाही. एमपी३ मुख्यतः असाच तपशील सोडून देते. जर्मन अभियंते कार्लहाइन्झ ब्रान्डेनबुर्ग यांनी ही पद्धत तपासताना सुझान वेगा यांचं ‘टॉम्स डायनर’ पुन्हा पुन्हा ऐकलं. त्यात वाद्यांची साथ नाही. नुसत्या गळ्यातला बिघाड लगेच खटकतो.

अमेरिकी संगीतकार रायन मॅग्वायर यांनी तेच गाणं उलट्या बाजूने घेतलं. मूळ ध्वनीतून एमपी३चा ध्वनी वजा केला आणि उरलेल्या गाळातून नवी रचना उभी केली. तिचं नाव ‘मॉडर्निस्ट’. मूळ नावाचीच इंग्रजी अक्षरं फिरवून केलेलं. ऐकताना गाणं ओळखीचं वाटतं, पण हाती लागत नाही.

म्हणजे गाळलेलं ते शून्य नव्हतं. आजीच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या असतील, तर मूळ फाइल जपा. फाइलची नुसती प्रत काढल्याने काही बिघडत नाही. पण दर वेळी नव्याने एमपी३ केली, की आणखी थोडं गळतं. ते परत येत नाही.