जबाबदारीने घडवलेल्या बायका

दापोलीहून आसूद मागे टाकले की रस्ता मुरूडला उतरतो. दुर्गादेवीचे देऊळ, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव, अशी मुरूडची ओळख आहे. 1893 च्या मार्चमध्ये कर्व्यांनी पुण्यात एका विधवेशी लग्न केले आणि तिला घेऊन ते गावी आले, तेव्हा याच गावाने त्यांना वाळीत टाकले. कर्व्यांना थारा दिला तर घरच्यांवरही बहिष्कार पडेल, असे ठरले. जन्मदात्या आईला मुलाशी अंतर राखावे लागले. ज्या सुनेसाठी हे सारे घडले, ती म्हणजे गोदूबाई, पुढच्या आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे.

गोदूबाई मूळच्या देवरुखच्या जोशांच्या. आठव्या-नवव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. पुढची कैक वर्षे सासरी राबण्यात गेली. भाऊ नरहरपंत यांनी त्यांना मुंबईला आणले आणि 1889 मध्ये पंडिता रमाबाईंनी काढलेल्या शारदा सदन या शाळेत त्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक झाल्या. पंडिता रमाबाई स्वतः विधवा होत्या. शिकलेली, देशोदेशी हिंडलेली, स्वतःची संस्था चालवणारी विधवा गोदूबाईंना रोज डोळ्यांसमोर दिसत होती. असेही जगता येते, हे कळायला त्याहून मोठा धडा नव्हता.

1896 मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली आणि पुढे आश्रम पुण्याजवळच्या हिंगण्याच्या माळावर गेला. विधवांना शिक्षण देणे लोक एकवेळ सोसतील, पुनर्विवाह सोसणार नाहीत, या हिशेबाने पुनर्विवाहित असलेल्या बाया कर्व्यांना आश्रमात राहता येईना. नवऱ्याने उभारलेल्या संस्थेचे दार त्यांनाच बंद! बाया हातावर हात धरून बसल्या नाहीत. त्यांनी सुईणीचे शिक्षण घेतले, संसार ओढला आणि उतारवयात ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात हे सारे रोखठोक सांगितले.

त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले विसाव्या वर्षी विधवा झाली. पदरी मूल, डोईचे केस काढलेले. पंचविशी उलटल्यावर ती पुण्याला बहिणीकडे आली आणि शिकायला बसली. पुढे आश्रमासाठी वर्गणी गोळा करायचे काम तिच्याकडे आले. परक्या गावात परक्या ओसरीवर उभे राहायचे, विधवेला कशाला शिकवायचे या प्रश्नाला उत्तर द्यायचे, मिळेल ती रक्कम घेऊन पुढचे दार गाठायचे. ज्या बाईचे दर्शन अपशकुन मानले जाई, तिच्या हाती लोक संस्थेसाठी पैसे देऊ लागले. पुढे तिने विचारपूर्वक केशवपन सोडले. 1918 मध्ये, पंचेचाळिशी उलटल्यावर, ती इंग्रजी शिकायला अमेरिकेला निघाली आणि तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिली.

धैर्य आधी आणि काम मागून, असे आपण समजतो. या दोघी बहिणींच्या आयुष्यात क्रम उलटा दिसतो. आधी कुणीतरी वाट दाखवली, मग विश्वासाने खरे काम सोपवले. धैर्य त्या कामातून आले. आणि वर आलेल्या प्रत्येकीने दुसरीला हात दिला. रमाबाईंनी गोदूबाईंना, गोदूबाईंनी पार्वतीबाईंना.

पण हा हात सगळ्यांपर्यंत पोचत नव्हता. हिंगण्याला शिकणाऱ्या मुली बहुतेक ब्राह्मण घरांतल्या होत्या. दापोलीजवळच्या वणंद गावात 1898 मध्ये रमाबाई आंबेडकर जन्मल्या. वडील दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहत. या रमाईसाठी कोणते सदन उघडे नव्हते. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडून. वणंदसारख्या वस्त्यांतल्या बायकांची शाळा भरली ती बाबासाहेबांच्या चळवळीत. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. पंधरा वर्षांनी, 1942 मध्ये, नागपूरच्या दलित महिला परिषदेच्या अध्यक्षपदी सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि घटस्फोटाचा हक्क व कायदेमंडळात प्रतिनिधित्व मागणारे ठराव बायकाच मांडत होत्या. तिथेही जबाबदारी हाती आल्यावरच आवाज फुटला.

आज महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. दापोली तालुक्यात बचत गटांच्या बायका कोकम, आंबापोळी, फणसपोळी करतात. गटाच्या बैठकीत वही उघडते, हप्ते मोजले जातात, कर्ज कुणाला द्यायचे यावर वाद होतो आणि निर्णय बायकाच घेतात. उद्याची सरपंच तिथे तयार होते. पण सरपंच बाईचा शिक्का नवऱ्याच्या खिशात असेल, गटाच्या खात्याचा व्यवहार घरचा पुरुष पाहत असेल, तर आरक्षण नुसते कागदावर उरते. पार्वतीबाईंच्या मागे कुणी पुरुष हिशेब धरून फिरत नव्हता.

म्हणून बाईला नेता व्हायला शिकवू, असे म्हणणाऱ्यांनी भाषणांची शिबिरे भरवण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. तिच्या हातात वही आणि पैसा आहे का, चूक झाली तर सावरून घेणारी माणसे आहेत का, आणि गावातल्या सगळ्या वाड्यांतल्या बायकांना ती संधी सारखी मिळते का. तिसरा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. दापोलीने तो आधी विचारावा. मुरूड आणि वणंद ही दोन्ही गावे याच तालुक्यातली आहेत.