छत्रपती शिवाजी महाराज आणि पेण-रोहा परिसर

छत्रपती शिवाजी महाराज (जन्म : 19 फेब्रुवारी 1630, शिवनेरी, मृत्यू : 3 एप्रिल 1680, रायगड) हे मराठा राज्याचे संस्थापक होत. आजच्या रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा हे तालुके त्यांच्या राजधानीच्या उत्तरेस, सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधील पट्टीत येतात. ही पट्टी शस्त्रबळाने राखणे जितके आवश्यक होते, तितकेच तेथील शेती व व्यापार चालू ठेवणेही आवश्यक होते. महाराजांच्या राज्यकारभारात या दोन्ही गोष्टींचा मेळ दिसतो.

भौगोलिक महत्त्व

पेण हे भोगावती नदीकाठी, तर रोहा कुंडलिकेकाठी वसले आहे. कुंडलिका जेथे समुद्रास मिळते, तेथे पोर्तुगिजांचे चौल होते. दक्षिणेस जंजिऱ्याचा सिद्दी होता आणि पूर्वेकडून घाट उतरून मोगल फौजा येत.

युद्धे व किल्ले

2 फेब्रुवारी 1661 रोजी शाहिस्तेखानाने पाठविलेला कारतलबखान कुरवंडे घाटाने कोकणात उतरत होता. पेणच्या शेजारील खालापूर तालुक्यात, चावणी गावाजवळच्या उंबरखिंडीत, महाराजांनी त्याची कोंडी केली. अरुंद वाटेत मोठ्या फौजेचे संख्याबळ निरुपयोगी ठरले व खानास शरण यावे लागले.

1665 च्या पुरंदर तहात 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले. त्यांत पेण-पनवेल मार्गावरील कर्नाळा होता; रोह्याजवळील घोसाळगड मात्र महाराजांकडे राहिलेल्या 12 किल्ल्यांत होता. कर्नाळा 1670 मध्ये परत घेण्यात आला.

रयत व व्यापार

6 जून 1674 रोजी रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्यांची आर्थिक दृष्टी त्यांच्या पत्रांतून कळते. बारदेशचे मीठ स्वस्त पडत असल्याने व्यापारी तिकडे वळत होते. तेव्हा 1671 मध्ये त्यांनी कुडाळच्या सरसुभेदारास त्या मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा केली. आज्ञा दक्षिण कोकणासाठी होती. पण मिठागरांवर पूर्वी अनेकांची उपजीविका चाललेल्या पेणसारख्या भागातील वाचकास तिचे मर्म सहज उमगेल.

1676 मध्ये प्रभावळीच्या सुभेदारास लिहिलेल्या पत्रात, ज्या कुळाकडे बैल नाहीत त्यास बैलांसाठी पैसे द्यावेत, पोटासाठी धान्य द्यावे आणि पुढे व्याज न लावता केवळ मुद्दल हळूहळू वसूल करावे, असे सांगितले आहे. वारंवार फौजा येणाऱ्या मुलखात शेतकरी गाव सोडून गेला, तर जमीन पडीक राहते आणि किल्ल्यास रसद मिळत नाही. त्यामुळे रयतेचे रक्षण हा दयेबरोबरच राज्यरक्षणाचाही भाग होता.