विश्लेषण : ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ काही संवाद विसरले का जात नाहीत?

दाराबाहेर उभं राहून कुणीही विचारावा असा हा साधा प्रश्न. त्यात ना अलंकार, ना टाळीचं वाक्य. तरीही १९८८ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘अशी ही बनवाबनवी’मधला हा संवाद, तेव्हा जन्मही न झालेली पिढी आज व्हॉट्सॲपवर स्टिकर म्हणून एकमेकांना पाठवते. ही कमाल फक्त नटांची, की शब्दांचीही?

संशोधन काय सांगतं?

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये सुमारे १ हजार चित्रपटांच्या संहिता तपासल्या. त्यांची युक्ती सोपी होती. गाजलेला संवाद घ्यायचा आणि त्याच पात्राने, त्याच सुमारास म्हटलेलं, तेवढ्याच लांबीचं पण कुणालाही न आठवणारं वाक्य त्याच्या शेजारी ठेवायचं. पात्र आणि कथा तीच असल्याने तुलना उरते ती मुख्यतः शब्दांची. गाजलेल्या संवादांत शब्दांची निवड अनपेक्षित, पण वाक्याची रचना रोजच्या बोलण्यातली असल्याचं दिसलं. शिवाय हे संवाद प्रसंगातून उचलून दुसरीकडे सहज वापरता येतात.

‘सत्तर रुपये वारले’ ही पहिल्या निष्कर्षाची जणू मराठी सिद्धता. पैसे बुडतात, हरवतात, संपतात. वारतात ती माणसं, आणि तेही आदराने बोलायचं असेल तेव्हा. अशोक सराफ यांचा धनंजय घरमालकाचा हिशेब या एका क्रियापदात मिटवतो. वाक्यात बाकी काहीही वेगळं नाही. ‘हा माझा बायको’मध्ये तर शब्दही नेहमीचेच, फक्त लिंग चुकलेलं. स्त्रीवेशातल्या परशाची ओळख करून देताना जीभ घसरते आणि लपवायचं तेच बाहेर येतं. इंग्रजीत ‘माझा’ आणि ‘माझी’ला एकच शब्द, त्यामुळे हा विनोद इंग्रजी सबटायटलमध्ये जातानाच मरतो.

मग धनंजय माने?

इथे मात्र सिद्धांत जरा अडखळतो. संवाद कुठेही वापरता यावा म्हणावं, तर यात चक्क एका माणसाचं नाव आहे. पण नाव बदललं की वाक्य पुन्हा तयार! मित्राच्या घरी, ऑफिसात, नव्या ग्रुपमध्ये शिरताना. म्हणजे ही रिकामी जागा भरायची ओळ आहे.

लोक संवाद जसाच्या तसा लक्षात ठेवतात असंही नाही. ‘शोले’त (१९७५) ‘कितने आदमी थे?’ हा प्रश्न गब्बर कालियाला विचारतो. ‘अरे ओ सांभा’ ही हाक वेगळ्या प्रश्नाची. नकलाकारांनी दोन्ही जोडून टाकलं. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्येही (१९८०) डार्थ व्हेडर ‘ल्यूक’ असं नाव घेऊन ‘मी तुझा बाप आहे’ म्हणत नाही. तो ‘नाही’ म्हणून सुरुवात करतो. पडद्याबाहेर ऐकणाऱ्याला ओळख पटावी म्हणून नाव जोडलं गेलं असावं.

संवाद कुणाचा?

बनवाबनवीचं कथानक नवं नव्हतं. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’वर (१९६६) ते बेतलेलं होतं. त्या हिंदी चित्रपटातला एखादा संवाद सांगा म्हटलं, तर भले भले रसिक गप्प बसतील. गोष्ट तीच, मग फरक कुठे पडला? दिग्दर्शक सचिन पिळगावकर आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यासह नटसंच जबरदस्त होता, हे खरंच. पण त्यांच्या तोंडचे शब्द वसंत सबनीस यांचे होते. ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याचे आणि दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’चेही (१९७१) लेखक तेच. बोलण्यातून बोलणं काढत, शब्दाला शब्द भिडवत हसवण्याची तमाशातल्या बतावणीची सवय त्यांच्या लेखणीत मुरलेली होती.

मीम्सवर चेहरा नटाचा येतो, लेखकाचं नाव क्वचितच. हिंदीत सलीम-जावेद यांनी हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला होता. ‘जंजीर’च्या (१९७३) पोस्टरवर लेखक म्हणून नाव नाही म्हटल्यावर त्यांनी रंगारी गाठला आणि मुंबईतल्या पोस्टरांवर आपली नावं रंगवून घेतली.