गाडीचा आवाज : मेकॅनिककडे जाण्यापूर्वी

मिरकरवाड्याहून कोल्हापूरकडे मासळी नेणारा टेम्पो असो, की इचलकरंजीहून कापडाच्या गाठी आणणारी आमची गाडी, मध्ये आंबा घाट आहेच. म्हणून चालत्या गाडीत नवा आवाज आला की आम्ही तो नीट ऐकतो. नुसते ‘आवाज येतो’ म्हटल्यास मेकॅनिक अंदाजाने पार्ट बदलतो आणि खर्च आपल्या माथी बसतो.

प्रथम जॅक, पाने किंवा माल हलतो काय ते पाहावे. मग गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस द्यावी. आवाज आला तर दोष इंजिन, पट्टा किंवा सायलेन्सरचा. उभ्या गाडीत न येता वेगाबरोबर वाढत असेल, तर चाकांकडे पाहावे. घुमणारा आवाज वळणावर कमीजास्त झाला, तर बहुधा बेअरिंग गेलेले असते.

ब्रेक दाबताच चिरका आवाज आला, तर पॅड झिजले असतील. खाऱ्या हवेने रात्रीत डिस्कवर गंज धरतो. सकाळची खरखर दोन-चार ब्रेकनंतर थांबली तर काळजी नको. थांबली नाही, तर लोखंडावर लोखंड घासत आहे असे समजावे. भरल्या गाडीने घाट मुळीच उतरू नये. ऑइलचा दिवा लागून इंजिन ठोकू लागले, तर ते जागीच बंद करावे.

आवाज केव्हा, कोठून आणि किती वेगाला येतो, हे कागदावर लिहून न्यावे. मेकॅनिकचे निम्मे काम तेथेच होते.