उड्या मोजायच्या, घरं नाही

सकाळी दहा
मुलं यायच्या आत मैदानावर आखणी झालेली बरी. फक्कीने संख्यारेषा मारते, शून्य ते वीस. दोन खुणांमध्ये तिसरीच्या मुलाच्या एका उडीएवढं अंतर ठेवते. शून्य आवर्जून लिहिते. खेळ एकपासून सुरू केला, तर ‘काहीच नाही’ला उभं राहायला जागाच मिळत नाही.

साडेदहा
परिपाठ, हजेरी. आज सव्वीस मुलं.

अकरा
चारवर उभं राहायचं आणि तीन पुढे जायचं. एक मुलगा पायाखालच्या चारलाच ‘एक’ म्हणतो आणि सहावर थांबतो. वहीत हेच उत्तर आलं असतं, तर मी लाल फुली मारून पुढे गेले असते. चूक नेमकी कुठे झाली, ते इथे त्याच्या पायांत दिसतं. त्याला परत चारवर उभं करते. ‘‘उड्या मोज रे, घरं नको मोजू.’’ हवेत असताना ‘एक’ म्हणायचं. तो सातवर उतरतो, मग न सांगता मागे वळून उलट्या तीन उड्या मारून चारवर येतो. वजाबाकी मी अजून काढलीही नव्हती.

साडेअकरा
‘गट करा’. मी टाळी वाजवून आकडा ओरडते, मुलं धावत गट करतात. ‘‘चार!’’ सहा गट होतात, दोघी उरतात. ‘‘पाच!’’ पाच गट, एक उरते. उरलेल्यांना मी बाद करत नाही, या बाबतीत मी हट्टी आहे. बाद होणारं मूल बहुधा तेच असतं ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज असते, आणि आपण त्यालाच कडेला बसवतो. आमच्याकडे जो उरेल त्याने पुढचा आकडा सांगायचा.

आज उरलेल्या मुलीने जरा विचार करून ‘‘तेरा!’’ सांगितलं. गोंधळ, ओढाओढ, आणि दोनच मोठे गट. कुणीच उरलं नाही. तेवढ्यात दवाखान्यातून उशिरा आलेला एकजण धावत आला. आता सत्तावीस झाले. तेरा चालेना, मग मुलांनीच तीन आणि नऊ शोधून काढले.

बारा
लगेच वर्गात. जे खेळलो ते त्याच दिवशी वहीत उतरलं पाहिजे: २६ ÷ ४, भागाकार ६, बाकी २. ही अर्धी घटका गाळली, तर खेळ मैदानावरच राहतो.

एक
खिचडी. वाढताना एक आजोबा विचारतात, ‘‘बाई, पोरं निस्ती खेळत्यात व्हय?’’ मी नातीची वही दाखवते. २०२१ साली सुरू झालेलं निपुण भारत अभियानही तिसरीच्या अखेरीस मुलाला वाचन-लेखनासोबत पायाभूत गणित यावं, एवढंच मागतं. आजोबांना अभियानाचं काही नाही. ते बाकीवर बोट ठेवून विचारतात, ‘‘ही दोन कोण?’’ नात मैत्रिणींची नावं सांगते.

दोन
ऊन चढलं, म्हणून व्हरांड्यात. एका कोपऱ्यात दशकाचं घर, दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले गठ्ठे. दुसऱ्यात सुट्ट्या काड्या. ‘‘बावन्न आणा.’’ दोघंजण दोन गठ्ठे आणि पाच सुट्ट्या घेऊन येतात, कारण कानावर दोन आधी पडतात. बालभारतीने २०१९मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ अशी वाचनाची जोड दिली, तेव्हा केवढा वाद झाला. बालभारतीच्या गणित समितीतल्या मंगला नारळीकरांचा तो विचार मला वर्गात रोज पटतो. मी दोन्ही म्हणून घेते.

मग बावन्नातून सत्तावीस. सुट्ट्या दोनच, द्यायच्या सात. एकजण पळत जाऊन एक गठ्ठा आणतो, रबर सोडतो, बारा काड्या पसरतात. हातचा म्हणजे फळ्यावर डोक्याशी काढलेला छोटा एक नव्हे, हे त्या सुटलेल्या रबराने जितकं कळतं तितकं माझ्या बोलण्याने कळत नाही.

साडेतीन
भाषा, परिसर. शेवटी दहा मिनिटं तळ्यात-मळ्यात: तीनच्या पाढ्यातली संख्या आली की तळ्यात. चुकला तर थांबायचं नाही, पुढच्या संख्येला उडी.

पावणेपाच
नोंदी. सकाळचा तो मुलगा गठ्ठा सोडताना मागे मागे राहत होता. उद्या दशकाचं घर त्याच्याकडे देते, म्हणजे प्रत्येक गठ्ठा त्याच्याच हातून सुटेल. रबरं थोडी जास्त आणायला हवीत.