डबक्यात सीएसएमटी दिसतं, मग फोटोत का येत नाही?

पावसाची सर थांबली की मुंबईत सीएसएमटीसमोरच्या डबक्यात घुमटासकट इमारत उलटी दिसते. सोशल मीडियावर असे फोटो पाहून आपणही मोबाईल काढतो. फोटोत मात्र येतं नुसतं गढूळ पाणी. असं का होतं?

खरी गोम आहे कोनात. पाण्याकडे सरळ वरून पाहिलं, तर त्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम २ टक्के परावर्तित होतो. बाकीचा पाण्यात शिरतो, म्हणून तळच दिसतो. नजर जितकी तिरकी, तितकं प्रतिबिंब ठळक. त्यामुळे खाली वाका, मोबाईल उलटा धरा आणि लेन्स पाण्यालगत न्या. वीतभर डबकंही मग तळ्यासारखं भासतं. दुकानाच्या काचेलाही हाच नियम लागू आहे: समोर नको, बाजूला उभे राहा.

दुसरी चूक फोकसची. प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर नसतं. इमारत जितकी दूर, तितकंच ते आरशातल्यासारखं आत असतं. म्हणून स्क्रीनवर तरंगत्या पानावर नाही, उलट्या घुमटावर टॅप करा.

कोल्हापूरच्या रंकाळ्यासारख्या तलावावर जायचं असेल तर पहाट गाठा. तेव्हा वारा बहुधा पडलेला असतो. पाण्यावर तरंग उठले की प्रतिबिंब मोडतं. कॅमेऱ्याला पोलरायझर फिल्टर असेल तर काढून ठेवा. पाण्यावरची चकाकी घालवणं हेच त्याचं काम.

आणि डबकं वाहत्या रस्त्यात असेल तर फोटो सोडून द्या. स्क्रीनमध्ये डोकं घातलेल्याला मागून येणारी बस दिसत नाही.